पाठमोऱ्या सीटवरची साक्ष

अमेरिकेत उन्हाळा लागला की स्टेशन वॅगनच्या आठवणींना पूर येतो. मेच्या अखेरीस मेमोरियल डेची सुट्टी येते. तिथपासून सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत कुठल्याही गावच्या वर्तमानपत्राची रविवार पुरवणी उघडा, नाहीतर साठी उलटलेल्या कुठल्याही गृहस्थाशेजारी कणसं भाजत बसा, ती गाडी येणारच. लांबलचक, कडेला लाकडी पट्टे, टपावर सामान, शेवटी उलट्या तोंडाची सीट. त्या सीटवर तीन भावंडं, पट्टा-बिट्टा काही नाही, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला खुणा करून भोंगा वाजवायला लावतायत. स्टिअरिंगवर बाबा, शेजारी मांडीवर नकाशा पसरून आई. मग एक सुस्कारा आणि त्यापाठोपाठ निकालपत्र: तेव्हा कुटुंबं एकत्र होती, गाड्या अस्सल होत्या, पोरं कणखर होती. आता घरटी दोन एसयूव्ही, प्रत्येक पोराच्या हातात स्क्रीन, सात वर्षांच्या घोड्याला बूस्टर सीट. सरकारने आणि भित्र्या आईबापांनी मिळून सगळ्याची वाट लावली.

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहते, म्हणजे या गाड्यांच्या माहेरीच. इथे या भक्तीचा डोस दुप्पट असतो. शिवाय आपल्या मंडळींनाही तिची लागण झाली आहे. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर जे मराठी इंजिनिअर आणि डॉक्टर इकडे आले, त्यांतल्या काहींनी सेकंडहँड स्टेशन वॅगनवर संसार केला. गणपतीच्या जेवणावळीत त्यांतले एखादे काका बेसनाचा लाडू फोडता फोडता सुरू होतात: "अगं, नऊ माणसं मावायची! नायगारा, शिकागो, फ्लोरिडा, कुठे म्हणून गेलो नाही. आता तुमच्या गाड्यांत माणसं पाच आणि पट्टे पन्नास." टेबलाभोवती माना डोलतात. माझी डोलत नाही, पण काकांच्या वयाकडे बघून तिथे मी गप्प बसते. इथे गप्प बसायचं काही कारण नाही.

'सरकारने मारली' या आरोपापासून सुरुवात करू, कारण तो सर्वांत ठासून केला जातो. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी डिसेंबर १९७५ मध्ये सही केलेल्या कायद्याने मोटार कंपन्यांना सरासरी मायलेजचं बंधन घातलं. १९७८ च्या मॉडेलांना गॅलनला १८ मैल, १९८५ पर्यंत साडेसत्तावीस. हलक्या ट्रकांना मात्र वेगळी, सैल मोजपट्टी. वॅगन कागदोपत्री कार ठरली. मिनीव्हॅन आणि एसयूव्ही कागदोपत्री ट्रक ठरल्या. म्हणून कंपन्या तिकडे वळल्या आणि बिचारी वॅगन उपाशी मेली, असा हा सिद्धान्त. यातला वर्गीकरणाचा भाग खरा आहे, तेवढा मी देऊन टाकते. पण बंधन कंपन्यांवर होतं, गिऱ्हाइकावर नव्हतं. शोरूममध्ये वॅगन उभी असताना शेजारच्या गाडीची चावी मागायला लोकांना कोणी भाग पाडलं?

१९८३ हे साल बघा. जुलैत 'नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन' हा सिनेमा आला. त्यातली 'फॅमिली ट्रकस्टर' ही फोर्डच्या कंट्री स्क्वायर वॅगनची, सिनेमांसाठी गाड्या घडवणाऱ्या जॉर्ज बॅरिस यांनी केलेली टवाळी: हिरवट रंग, आठ हेडलाइट, अंगभर खोटं लाकूड. सुट्टीला निघालेल्या कुटुंबाचे त्या गाडीत यथासांग हाल होतात, आणि म्हाताऱ्या आँट एडना वाटेत वारतात तेव्हा त्यांना टपावर बांधून पुढचा प्रवास होतो. प्रेक्षक गडाबडा लोळले, कारण ती गाडी आणि ती सुट्टी दोन्ही त्यांनी भोगलेली होती. आज हौशी लोक त्याच ट्रकस्टरच्या प्रतिकृती करून मिरवतात. ज्याची टिंगल केली त्याचंच मखर!

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, डेट्रॉइट नदीच्या पलीकडे कॅनडातल्या विंडसरला, क्रायस्लरची मिनीव्हॅन कारखान्यातून बाहेर पडायला लागली. हॅल स्पर्लिक यांनी ही कल्पना आधी फोर्डमध्ये मांडली होती. तिथे तिला थारा मिळाला नाही. मग ते क्रायस्लरला गेले, मागोमाग ली आयकोका गेले, आणि गाडी झाली. सरकणारं दार, सपाट तळ, वॅगनपेक्षा उंच छप्पर, आणि तरी नेहमीच्या गॅरेजात मावणारी. पहिल्याच वर्षात दोन लाखांहून जास्त खपल्या. घेणारे कोण होते? मंगळावरून आले होते का? कालपर्यंत वॅगन हाकणारी कुटुंबंच ती.

वॅगन मिळेनाशी झाली म्हणून नाइलाजाने दुसरी घेतली, असं कोणी म्हणेल. मिळत होती की! कंट्री स्क्वायर १९९१ पर्यंत मिळत होती. ब्यूकची रोडमास्टर इस्टेट तर थेट १९९६ पर्यंत: साडेपाच मीटर लांबी, पाठमोरी तिसरी सीट, कडेला लाकडाचा पट्टा, आणि शेवटच्या तीन वर्षांत बोनेटखाली कॉर्व्हेटच्या जातीचं ५.७ लिटर इंजिन. भक्तांना हवं ते सगळं एका गाडीत. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात ती बनायची. १९९६ च्या अखेरीस जनरल मोटर्सने ती बंद केली आणि तोच कारखाना मोठ्या एसयूव्ही आणि ट्रकांसाठी वापरायला घेतला, कारण लोकांचा पैसा तिकडे वाहत होता. आजचे आठवणकार तेव्हा पस्तीस-चाळिशीचे होते. घरात पोरं, खात्यात पगार. ते फोर्ड एक्सप्लोररची टेस्ट ड्राइव्ह घेत होते. पुण्यात बजाज चेतकवरून डोळे ओले करणाऱ्यांचं निदान समजू शकतं: त्यांना निवडायला फारसं काही नव्हतं, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. इथे सगळा बाजार समोर पसरलेला होता. जिला स्वतःच्या चाळिशीत ढुंकून पाहिलं नाही तिच्यासाठी सत्तरीत गळा काढायचा, आणि खुनाचा आळ सरकारवर घ्यायचा?

आता 'अस्सल'पणा. या शब्दाला माझी खास हरकत आहे, कारण या गाडीइतकी खोटी गाडी अमेरिकेत दुसरी झाली नसेल.

सुरुवातीच्या वॅगन खरोखर लाकडाच्या असत. रेल्वे स्टेशनावरून माणसं आणि ट्रंका हॉटेलपर्यंत पोचवायच्या, त्यासाठी मोटारीच्या सांगाड्यावर सुतारकामाची पेटी बसवलेली. फोर्डने १९२९ मध्ये मॉडेल ए वॅगन काढली, पुढे आमच्याच मिशिगनच्या उत्तर भागात आयर्न माउंटनजवळचं स्वतःच्या मालकीचं जंगल तोडून मेपल आणि बर्च वापरलं. उरलेल्या लाकडाचा कोळसा करून तोही विकला. पण लाकडाची गाडी सांभाळणं म्हणजे दरवर्षी नवं वॉर्निश, कुजणारे सांधे आणि रस्ताभर कुरकुर. पोलादी वॅगन शक्य झाल्यावर सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. १९४६ मध्ये विलीसने, १९४९ मध्ये प्लिमथने पोलादी अंगाच्या वॅगन आणल्या. ब्यूकने १९५३ मध्ये शेवटचं खरं लाकूड वापरलं आणि तो विषय संपला.

संपायला हवा होता. पण लाकूड गेल्याबरोबर लाकडाची हुरहुर विकायला आली. फोर्डने १९५२ च्या पोलादी कंट्री स्क्वायरवर महोगनीच्या रेषा छापून चिकटवल्या. पुढे हे काम थ्री-एम कंपनीच्या डाय-नॉक नावाच्या विनायलने केलं: रोलमध्ये मिळायचं, कापायचं आणि पत्र्यावर डकवायचं. नावं बघा: कंट्री स्क्वायर, इस्टेट, टाउन अँड कंट्री. म्हणजे जहागीर, मळा, शिकारीची कोठी. आणि ही गाडी उभी कुठे राहायची? लेव्हिटटाउनसारख्या वसाहतीत, एका साच्यातून काढलेल्या घरासमोर. १९६८ सालच्या बापाने जे विकत घेतलं तेच मुळी त्याच्या बापाच्या काळाबद्दलचं विनायल होतं. आज त्याचा मुलगा त्या विनायलला हात लावून म्हणतो, पूर्वी कशा गोष्टी खऱ्या होत्या!

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी आमच्याकडे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर 'ड्रीम क्रूझ' भरते. १९९५ पासूनची प्रथा. हजारो जुन्या गाड्या सावकाश फिरतात, रस्त्याच्या कडेला मालक घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. एकदा तिथे सत्तरच्या दशकातली एक कंट्री स्क्वायर अगदी जवळून बघितली. कडेचा लाकडी पट्टा नवा कोरा. टपावर तीन चामडी बॅगा, कॅरिअरला खालून स्क्रूने आवळलेल्या. एकीची कडी निघाली होती म्हणून दिसलं, आत काही नव्हतं. मागे चौकड्यांचा थर्मास, पंख्यासारखी मांडलेली चार कॉमिक्स, आणि सीटवर पुठ्ठ्याची पाटी: हात लावू नका. ज्या सीटवर कोणे एके काळी कोक सांडला असेल, भांडणं झाली असतील, एखादं पोर ओकलं असेल, तिथे आता मालकाच्या नातवालाही बसायला बंदी. तो शेजारी उभा राहून कंटाळला होता. गाडी तिथवर आली होती ट्रेलरवर, आणि ट्रेलर ओढत होता नवा पिकअप ट्रक.

दणकटपणाचंही बघून टाकू. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांच्या मैलमापकाला पाचच आकडे असायचे. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य, कारण गाडी लाख मैलांच्या पुढे जाईल असं गृहीतच धरलेलं नव्हतं. आणि पोलाद? २००९ मध्ये अमेरिकेतल्या वाहनविमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने आपल्या पन्नाशीनिमित्त १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू समोरासमोर आदळवल्या, दोन्ही ताशी ६४ किलोमीटरने. बेल एअरचा ड्रायव्हरपुढचा भाग चेपून सीटपर्यंत आला. आतला पुतळा माणूस असता तर वाचला नसता. मालिबूतल्याच्या पायावर निभावलं. जाड पत्रा आपल्याला वाचवतो ही समजूत ज्यांनी टक्कर अनुभवली नाही त्यांचीच असू शकते.

एसयूव्हीला नावं ठेवणाऱ्यांनी तर जरा जपून बोलावं. १९७१ ते ७६ मधल्या जनरल मोटर्सच्या मोठ्या वॅगन बघा. मागची काच छपरात सरकायची आणि दार गाडीच्या तळाखाली जायचं, अशी ती प्रसिद्ध यंत्रणा. गाडी पावणेसहा मीटरांहून लांब, म्हणजे आपल्या इनोव्हाहून मीटरभर जास्त. वजन सव्वादोन टनांच्या पुढे. साडेसात लिटरचं इंजिन आणि लिटरला चार-साडेचार किलोमीटरचं मायलेज. १९७२ मध्ये पेट्रोल गॅलनला ३६ सेंट होतं म्हणून हे थाटामाटात चाललं. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं, पंपांवर रांगा लागल्या, आणि 'कुटुंबाची सफर' हे प्रेमाचं नव्हे, स्वस्त तेलाचं फळ होतं हे एका हिवाळ्यात कळून चुकलं. अवाढव्य गाडीत मोजकी माणसं घालून किराणा आणायला जाण्याची सवय एसयूव्हीने लावलेली नाही. ती तिला घरातूनच मिळाली.

पण मला खरा राग येतो तो 'आम्ही नाही मेलो' या वाक्याचा. पट्टे नव्हतेच, असं सांगतात. होते. १९६८ च्या मॉडेलपासून कायद्याने होते, फक्त सीटच्या फटीत खुपसलेले असायचे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाही अमेरिकेत पट्टा लावणारा दहांतला जेमतेम एक. १९७२ मध्ये या देशाच्या रस्त्यांवर ५४ हजारांहून जास्त माणसं मेली. आज गाड्या त्याच्या दुपटीहून जास्त मैल धावतात आणि मृत्यू चाळीस हजारांच्या आसपास असतात, हेही काही कमी नाहीत. मधला फरक पोरांच्या कणखरपणाने पडलेला नाही. तो राल्फ नेडर यांच्या असुरक्षित मोटारींवरच्या १९६५ च्या पुस्तकाने उठवलेल्या गदारोळाने, १९६६ च्या सुरक्षा कायद्याने, आणि १९७८ मध्ये टेनेसी राज्याने लहान मुलांना सीटला बांधायची सक्ती केली तेव्हा ज्यांनी 'हा आमच्या स्वातंत्र्यावर घाला आहे' म्हणून आरडाओरडा केला त्यांना न जुमानणाऱ्यांनी पाडला. जे टेलगेटमधून बाहेर फेकले गेले त्यांची भावंडंही आज साठी-सत्तरीत आहेत. ती बार्बेक्यूला हा विषय काढत नाहीत, एवढंच.

आणि ती शेवटची, सगळ्यांची लाडकी जागा. वॅगनचा पार्श्वभाग उभा कापलेला. वेगात गाडीमागे हवेची पोकळी तयार होते आणि मागची काच उघडी असेल तर सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. इंजिन चालू असताना मागची काच बंद ठेवा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत येईल, अशी सूचना कंपन्या गाडीबरोबरच्या पुस्तिकेत छापत होत्या. उन्हाळ्यात, मागे वातानुकूलित हवा पोचत नसताना, ती काच कोण बंद ठेवत होतं? आठवणींत तर सगळीकडे वाऱ्यावर उडणारे केसच आहेत. त्या धुरात शिसंही होतं. १९७६ ते ८० दरम्यानच्या सरकारी पाहणीत एक ते पाच वर्षांच्या अमेरिकन मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे सरासरी १५ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं. आज साडेतीनला डॉक्टर फोन करतात. पेट्रोलमधलं शिसं घटवत नेल्यावर हा आकडा दीड दशकात तीन चतुर्थांशाहून जास्त खाली आला. मज्जासंस्थेवर परिणाम करणाऱ्या विषात वाढलेल्या पिढीने आपल्या नातवंडांना नाजूक म्हणावं, याला धाडस म्हणायचं की त्या शिशाचाच परिणाम?

कुटुंब एकत्र होतं म्हणे. या आठवणी जरा नीट ऐका. त्यांतली एकही पुढच्या सीटवरची नसते, मधल्याही सीटवरची क्वचित. सगळा स्वर्ग कुठे, तर अगदी मागे, आईबापांकडे पाठ करून, त्यांचा हात आणि आवाज दोन्ही पोचणार नाही अशा ठिकाणी. म्हणजे ज्या जागेवरून आईवडील दिसत नव्हते तिथल्या सुखाचा पुरावा देऊन सांगायचं, की आम्ही आईवडिलांच्या किती जवळ होतो! आजच्या पोराला त्याच मोकळ्या जागेसाठी हेडफोन पुरतो, तर त्याचं कुटुंब मोडलं.

गणपतीच्या त्याच पंगतीत काकांचं फ्लोरिडा संपल्यावर काकू ताटं गोळा करता करता मला म्हणाल्या, "हे फ्लोरिडा सांगतात. पहाटे तीनला उठून दशम्या कोणी लाटल्या ते नाही सांगत. मी पुढे बसायचे म्हणे! मांडीवर डबे, पायाशी कुकर, आणि मागून 'आई, शू लागली'. समुद्र बघितला मी तिथे, पण धुणं वाळत घालताना." काकांना ऐकू गेलं नाही. तसंही त्यांना ते कधी ऐकू गेलेलं दिसत नाही.

काकूंनी एका सफरीचं सांगितलं. उरलेल्या वर्षाचं काय? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपनगरांत बस नव्हती, दुकान चालत जाण्याच्या अंतरावर नव्हतं, शाळा, दंतवैद्य, बेसबॉल, नवऱ्याचं रेल्वे स्टेशन, सगळं मोटारीच्या पल्ल्यावर. बाबा ती गाडी सुट्टीचे दोन आठवडे चालवायचे; उरलेले पन्नास आठवडे ती आईच्या हातात असायची, बिनपगारी ड्रायव्हर म्हणून. गृहिणींची घुसमट मांडणारं बेटी फ्रीडन यांचं 'द फेमिनिन मिस्टिक' १९६३ चं, वॅगनच्या ऐन वैभवातलं. आणि तरी शेकडो आठवणींत स्टिअरिंगवर बाबाच कसे? आई फक्त नकाशाची घडी घालताना दिसते.

बाबांबद्दल एक गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात: गाडी थांबवायचेच नाहीत. रात्रभर चालवायचे, हट्टी माणूस! त्याच महामार्गांवर न थांबता रात्रभर चालवणारे दुसरेही बाप होते. त्यांना थांबायची सोय नव्हती. हार्लेममध्ये राहणारे टपालवाले व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी 'ग्रीन बुक' छापायला घेतलं: कुठल्या गावात झोपायला खोली मिळेल, कुठे जेवण, कुठे पेट्रोल. हे पुस्तक तीस वर्षं निघत राहिलं, म्हणजे कंट्री स्क्वायरच्या पहिल्या पंधरा-सोळा वर्षांत त्याची गरज संपलेली नव्हती. त्या कुटुंबांच्या गाडीतही डबे असत, पांघरुणं असत, आणि शिवाय मुलांच्या लघवीसाठी एक रिकामा डबा, कारण पंपावरचं स्वच्छतागृह त्यांच्यासाठी उघडत नसे. सूर्यास्तानंतर काळा माणूस दिसता कामा नये, अशी गावंच्या गावं वाटेत होती. मागच्या सीटवर उलट्या तोंडाने बसलेल्या गोऱ्या मुलाला यातलं काही दिसलं नाही, हा त्याचा दोष नाही. सत्तर वर्षांचा होईपर्यंत त्याने मान वळवून बघितलं नाही, हा आहे.

आमच्या शेजारी डिअरबर्नला हेन्री फोर्ड म्युझियममध्ये रोझा पार्क्स यांची बस आहे. १ डिसेंबर १९५५ ला ज्या बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला या कृष्णवर्णीय बाईंनी नकार दिला तीच. लोक रांगेने आत चढतात, त्या सीटवर बसून फोटो काढतात. त्यानंतर अलाबामातल्या त्यांच्या माँटगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, तेव्हा हजारो माणसं कामावर गेली कशी, हे फारसं कोणी विचारत नाही. पुष्कळ जण पायी गेले. आणि बाकीच्यांपैकी अनेकांना नेत होत्या, हो, स्टेशन वॅगन. चर्चांनी त्या विकत घेतल्या, दारांवर आपापल्या चर्चची नावं रंगवली. लोक त्यांना चाकांवरची चर्च म्हणत. पोलीस ड्रायव्हरांना क्षुल्लक कारणांवरून पावत्या फाडत. मार्टिन ल्यूथर किंग यांना २५ मैलांच्या टापूत ३० ने गाडी चालवली म्हणून जानेवारी १९५६ मध्ये तुरुंगात नेलं. स्थानिक विमा कंपन्यांनी वॅगनचे विमे रद्द केले, तर किंग यांनी लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला शहराने ही वाहतूक बेकायदा ठरवण्यासाठी खटला उभा केला असताना, किंग कोर्टात बसलेले असतानाच बातमी आली की सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवला. अमेरिकन स्टेशन वॅगनने आयुष्यात केलेलं सर्वांत मोठं काम हे. इतक्या आठवणी वाचल्या, त्यांत या वॅगन कधी भेटल्या नाहीत.

आणखी एक वॅगन. २१ जून १९६४, मिसिसिपीतला नेशोबा परगणा. जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर हे नागरी हक्क चळवळीतले तीन तरुण जाळलेल्या चर्चची पाहणी करून निळ्या फोर्ड स्टेशन वॅगनने परतत होते. पोलिसांनी अडवलं, तुरुंगात टाकलं, रात्री सोडलं, आणि वाटेत कु क्लक्स क्लॅन या वंशद्वेषी संघटनेच्या टोळीने त्यांना गाठून मारलं. दोन दिवसांनी बोग चिटोच्या दलदलीजवळ गाडी सापडली: रंग उडालेला, काचा फुटलेल्या, आतला सगळा ऐवज जळून गेलेला. मृतदेह ऑगस्टमध्ये एका मातीच्या धरणाखाली मिळाले. त्या जळक्या वॅगनचा फोटो उपलब्ध आहे. साल तेच, ज्या साली ओल्डस्मोबिलने छपरात काच बसवलेली व्हिस्टा क्रूझर काढली, पोरांना आकाश दिसावं म्हणून.

इथपर्यंत आलं की समोरचा माणूस चिडतो. साध्या गाडीच्या गप्पांत हे कशाला, प्रत्येक गोष्टीत राजकारण कशाला? मला हे पटलं असतं, जर गाडीच्या गप्पा खरोखर गाडीपुरत्या राहिल्या असत्या. पण त्या कधी कार्बोरेटरवर थांबतात का? दुसऱ्याच वाक्याला त्या संस्कारांवर येतात, तिसऱ्याला देश कसा बिघडला यावर, आणि चौथ्याला आजच्या आयांवर, ज्या पोराचा पट्टा दोनदा तपासतात. वॅगनला कौटुंबिक मूल्यांची देवता तुम्ही केलंत. आता प्रसादाला भक्त आले आहेत तर त्यांतल्या काहींना गाभाऱ्याबाहेर का उभं केलं होतं, हे विचारलं तर सोवळं मोडतं.

तेव्हा काका, आणि वुडवर्डवरचे मालक, आणि रविवार पुरवणीचे लेखक: वॅगन आवडते तर जरूर आवडू द्या. तिचं ते तळाखाली जाणारं दार खरोखर बघण्यासारखं आहे. व्ही-एटचा आवाज मलाही आवडतो. डाय-नॉकचा नवा रोल मागवा, बॅगा टपावर आवळा, नातवाला पाटी काढून एकदा त्या सीटवर बसू द्या, आणि फटीतला पट्टा बाहेर काढून त्याच्या कमरेला लावा. पण आजच्या आईबापांविरुद्ध, कायद्यांविरुद्ध, या पिढीच्या कुटुंबांविरुद्ध साक्षीदार म्हणून तिला पिंजऱ्यात उभी करणार असाल, तर उलटतपासणी होईल. ती मिनीव्हॅनच्या शोरूममध्ये १९८४ साली तुमच्या सहीपासून सुरू होईल, तुमच्या आईला पुढच्या सीटवरून बोलावून घेईल, आणि बोग चिटोजवळच्या गाडीची चासी तपासल्याशिवाय संपणार नाही.